कोयीची पूड आणि मावशीचा डबा

आंब्याच्या कोयीच्या कवचात साखर असते, हा शोध जगात फक्त मी लावला. तो दीड दिवस टिकला. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन तरी वाजतगाजत होतं; माझ्या शोधाचं विसर्जन स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या, हातात रिकामा डबा धरून झालं.

मी कळमनुरीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शिकवता शिकवता पीएच.डी. करायची हौस आली आणि विषय घेतला फळांच्या बियांवरच्या कवचांचा. म्हणजे वरचा गर खाऊन झाला, आतली बी काढून टाकली, की मधे जे टणक टरफल उरतं, ते नेमकं कशाचं बनलेलं असतं? लोक मला विचारतात, याचा उपयोग काय. (लग्नात विचारतात, बारशात विचारतात, एका बाईंनी तर माझ्या वडिलांच्या दहाव्याला विचारलं.) मी सांगते, त्यात तीन गोष्टी असतात. सेल्युलोज म्हणजे सुतळी. लिग्निन म्हणजे त्या सुतळीला दगडासारखं घट्ट करणारा डिंक. आणि हेमिसेल्युलोज म्हणजे त्या दोघांच्या मधे सापडून दोघांनाही धरून ठेवणारं बिचारं, थोडक्यात आमचे हे. एका बाजूला आई, एका बाजूला बायको. या तिन्हीतलं माणसाच्या पोटात काहीही पचत नाही. एवढं सांगेपर्यंत समोरचा माणूस पाणी प्यायला निघून गेलेला असतो.

आता संशोधनाला कोयी लागतात, आणि कोयी मिळायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे रसाळी. सिद्धेश्वरकडच्या आमच्या शेतात गावरान आंब्याची झाडं आहेत. मे महिन्यात पाहुणेरावळे बोलावून रसाची पंगत झाली नाही, तर आमच्याकडं उन्हाळा झाला असं कुणी मानत नाही. त्या वर्षी मी पंगतीत वाढायला नव्हते. मी हातात घमेलं घेऊन पाहुण्यांच्या समोर उभी होते. गावरान आंब्याची कोय चोखायची असते, आणि निवांत चोखायची असते. त्यात समोर घमेलं घेऊन एक बाई टक लावून बघत असली की भल्याभल्यांची चव जाते. आमच्या ह्यांचे एक चुलते शेवटी वैतागून म्हणाले, "सूनबाई, धीर धरा वं. मला काय ती गिळायची न्हाई."

कोयी धुतल्या, गच्चीवर वाळवल्या. शेजारपाजारच्या गच्च्यांवर कुरड्या, पापड, सांडगे, आणि आमच्या गच्चीवर पाहुण्यांनी उष्ट्या केलेल्या कोयी. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, याची फार लाज वाटायची. त्या मला थेट बोलत नसत. गच्चीत जाऊन कोयींना बोलत. मग मी त्या कोयी हातोडीनं फोडल्या, आतली बी काढली, टरफलं वेगळी केली आणि त्या धुळीनं माझं नाक जे बंद झालं ते आठवडाभर उघडलंच नाही. हे बंद नाक या सगळ्या प्रकरणातला मोठा गुन्हेगार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

याच दिवसांत माझी नणंद शीतल पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडं होती. मुलगी झाली, बारसं झालं, आणि आता मायलेकींना जवळा बाजारला सासरी पोचवायचं होतं. बरोबर शिदोरी द्यायची ती डिंकाच्या लाडवांची. (भर उन्हाळ्यात डिंकाचे लाडू काहून, असं मी एकदा विचारलं होतं. बाळंतिणीला ऋतू नसतो, असं उत्तर मिळालं.) हे लाडू म्हणजे आत्याबाईंच्या दृष्टीनं लढाई होती. कारण शीतलच्या दिवाळसणाला तिच्या सासूनं, म्हणजे विहीणबाईंनी, आत्याबाईंच्या हातचा अनारसा उचलून उजेडाकडं धरला होता, खालून-वरून पाहिला होता आणि चारचौघांत म्हटलं होतं, "आमच्यात जाळी पडती." एवढंच. पण त्या दिवसापासून आत्याबाईंनी अनारसे करायचं सोडलं. लाडवांची तयारी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "माधुरी, ह्या लाडवात जर का खोट निघाली ना, तर म्या जल्मात जवळ्याला पाय ठेवणार न्हाई. नातीच्या जावळालाबी न्हाई." आणि पदरानं डोळे पुसले. आमच्या घरातली ही बाई कुणाच्या मयतीला रडत नाही, ती अनारशाच्या जाळीसाठी रडली. मला खरंच कसंतरी झालं.

म्हणून खारीक दळून आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. माझी टरफलंही दळायची होतीच. पिठाच्या गिरणीवाल्यानं टरफलं पाहून हात जोडले. मिरची कांडपवाला धीराचा निघाला. त्यानं मशीन पुसून आधी खारीक काढली, मग टरफलं काढली, आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत भरून दिली. वर म्हणाला, "म्याडम, हे दुसरं कशाचं हाय, ते मला सांगू नका." दोन्ही पुडींचा रंग एकच, फिकट बदामी. रवाही एकच. पण पिशव्या वेगळ्या होत्या आणि मी शिकलेली बाई होते, त्यामुळं काळजीचं कारण नव्हतं.

इथं आमच्या घरातल्या डब्यांविषयी सांगायला पाहिजे. आमच्याकडं डब्यावर जे लिहिलेलं असतं ते आत कधीच नसतं. कॉफीच्या बाटलीत हिंग असतो, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, आणि च्यवनप्राशच्या बरणीत लिंबाचं लोणचं. (एकदा सर्दी झालेल्या पाहुण्यानं रात्री झोपताना मोठा चमचाभर घेतलं होतं.) त्यामुळं घरातलं कुणीही लेबल वाचत नाही. डबा ओळखायचा तो कुणी दिला त्यावरून. स्टीलच्या प्रत्येक डब्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं, आणि प्रत्येक देणाऱ्याला आत्याबाईंनी एकेक जिन्नस कायमचा नेमून दिलेला. मामाच्या डब्यात साखर. हिंगोलीच्या आत्याच्या डब्यात तूरडाळ. आणि मावशीच्या डब्यात खारीक पूड. माणसं गेली, घर बदललं, पण ही व्यवस्था बदलली नाही.

आणि सगळ्या घरात घट्ट झाकणाचा डबा एकच, तो मावशीचा. चमच्याच्या दांड्यानं उचकटल्याशिवाय उघडत नाही. नमुन्याला दमट हवा लागता कामा नये, हे मी विद्यार्थ्यांना घसा कोरडा करून सांगत असते. तेव्हा मी कोयीची पूड मावशीच्या डब्यात भरली, वर सुवाच्य अक्षरात लेबल लावलं, 'आंबा: कोय-कवच चूर्ण', आणि खारीक पूड एका साध्या बरणीत भरून ओट्यावर ठेवली. आत्याबाई तेव्हा बाळाला तेल लावत होत्या. खारीक बरणीत आहे, असं मी ओरडून सांगितलं. बाळ त्याच्याहून मोठ्यानं ओरडलं. आतून "व्हय व्हय" असं काहीतरी आलं आणि मी कर्तव्य पार पाडल्यासारखी झोपायला गेले.

सकाळी मी कॉलेजला निघाले. सुट्टी असल्यामुळं प्रयोगशाळा रिकामी मिळते. पायात चप्पल घालतेय तोच आत्याबाई म्हणाल्या, "तुही ती कोयीची पूड पिशवीत ठेवली बरं. ओट्यावरच राहिली व्हती." मी उंबऱ्यातच थांबले. ज्या बाईनं माझ्या कोयींना कधी बोट लावलं नव्हतं, तिनं स्वतःच्या हातानं माझा नमुना पिशवीत भरला होता! सासू-सुनेच्या नात्यात असे क्षण रोज येत नाहीत. मला भरून आलं, नाक आणखीच बंद झालं, आणि पिशवीत बरणी आहे की डबा आहे हे पाहायचं राहूनच गेलं.

प्रयोगशाळेत गेल्यावर बरणी पाहिली. नाक बंद, त्यामुळं आतल्या खारकेचा वास काही आला नाही. आत्याबाईंनी डब्यातून काढून बरणीत भरली असेल, असं मला वाटलं. (किती ती काळजी!) पहिली पायरी साधी असते. पूड गरम पाण्यात उकळायची, चिकटलेलं काही असलं तर सुटतं, आणि कवच जसंच्या तसं खाली बसतं. माझं कवच खाली बसेना. ते विरघळायला लागलं. अर्ध्याहून जास्त विरघळलं. लाकडाच्या जातीची वस्तू पाण्यात विरघळते म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. वरचं पाणी घेऊन साखरेची तपासणी केली, तर परीक्षानळीत असा झकास विटकरी रंग आला, की बारावीच्या पोरांना दाखवायला हवा होता. लिग्निन जवळपास नाहीच. साखरच साखर! जगभरच्या पुस्तकांत कोयीचं कवच म्हणजे लाकूड असं लिहिलेलं, आणि इथं कळमनुरीत ते मिठाई निघालं होतं.

मी नांदेडला गाइड सरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि टरफलं नीट धुतली होती का एवढंच विचारलं. मला राग आला. पुन्हा एकदा करा, नवा नमुना घेऊन करा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मोठ्या शोधाला सुरुवातीला विरोध होतोच, अशी मी मनाची समजूत घातली. मग कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं: 'आंब्याच्या कोय-कवचात शर्करेचा विपुल साठा, प्राथमिक निष्कर्ष.' ताबडतोब अभिनंदनाच्या फुलांचा पाऊस पडला. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी तर कोयीपासून गूळ करता येईल का, असंही विचारलं. मी लिहिलं, शक्यता नाकारता येत नाही.

घरी आले तर आत्याबाईही माझ्यासारख्याच तरंगत होत्या. परातीत लाडू रचलेले. सगळे एकसारखे, वर गोडंबी लावलेली. शोध सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडंही सांगायला होतं. "काय खारीक आणली बाई तू! नुसती तूप पिऊन राहिली. घातलं की गायब, घातलं की गायब. किलोभर तूप जास्तीचं गेलं, पण लाडू बघ कसा बांधला." मी एक चाखायला हात पुढं केला, तर हातावर चापट बसली. विहिणीच्या घरी जायची शिदोरी उष्टी करायची नाही, हा नियम. करणाऱ्या बाईनंही चाखायचं नाही. नुसतं वासावर आणि हाताच्या अंदाजावर करायचं. मग आम्ही दोघींनी एकमेकींचं न ऐकता एकमेकींचं कौतुक केलं. ती संध्याकाळ फार सुखाची गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल निघाली. गाडीत पाळणा, दुपटी, बाळ आणि कापडात बांधलेला लाडवांचा डबा. गाडी जावयांनी पाठवलेली, ती हे चालवत नेणार होते. ओटी भरली, रडारड झाली, गाडी कोपऱ्यावर वळली. आता सरांचं समाधान करून टाकावं म्हणून मी नवा नमुना घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि मावशीचा डबा काढला. तो चमच्याशिवाय उघडला. आत काही नव्हतं. लेबलावर मात्र तुपाच्या बोटांचे ठसे होते.

"आत्याबाई, ह्यातलं कुठं गेलं?"

"कुठं म्हंजी? लाडवात."

"हे लाडवात घातलं?"

"मावशीचा डबा हाय तो," त्या म्हणाल्या. लहान लेकराला समजावतात तशा आवाजात.

पुढची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. साखर कुठून आली ते कळलं. नमुना कुठं गेला ते कळलं. जगभरची पुस्तकं बरोबर होती हेही कळलं. आत्याबाईंना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला, की विष आहे का. मी म्हटलं, नाही, विष अजिबात नाही, धुतलेलं आहे, वाळवलेलं आहे, नुसतं पचत नाही. मग, म्हणजे कशासारखं, असा दुसरा प्रश्न आला. इथं मी काहीतरी गुळमुळीत बोलायला हवं होतं. पण मास्तरकीची सवय वाईट. मी खरं सांगून टाकलं, "लाकडाच्या भुशासारखं."

आत्याबाई ओट्याला धरून खाली बसल्या. "म्हंजी म्या विहिणीला तुपात भिजवून लाकडाचा भुसा धाडला," त्या म्हणाल्या, "आन् वरून गोडंबी लावली."

ह्यांना फोन लावला, तो कपाटातून वाजला. चार्जिंगला लावून विसरून गेले होते. शीतलला लावला, तिनं बाळ झोपलंय म्हणून आवाज बंद ठेवलेला. जावयांना सांगायचं म्हणजे विहीणबाईंना सांगितल्यासारखंच. आत्याबाई उठल्या, नेसत्या लुगड्यावर शाल घेतली (जून महिना!) आणि म्हणाल्या, "चल. डबा उघडायच्या आत उचलून आणू." एस.टी.नं औंढ्यापर्यंत आणि तिथून जीपमध्ये कोंबून आम्ही जवळा बाजारला निघालो. वाटेत आत्याबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, की अनारशाला जाळी नव्हती, पण निदान भुसा तरी नव्हता. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, म्हातारीला ऊन लागलंय. त्यानं आपली पाण्याची बाटली दिली.

विहीणबाईंच्या दारात पोचलो तर ओट्यावर चार बायका लाडू खात बसलेल्या. नातीच्या आजोळची शिदोरी आली की गल्लीत वाटायची, ही तिथली रीत. आम्ही ती विसरलो होतो. आम्हाला पाहून विहीणबाई चकित झाल्या, ह्यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि शीतलला वाटलं घरी काहीतरी झालं. आत्याबाईंनी प्रसंग सावरला. लेकरावाचून करमेना म्हणून आलो, असं म्हणाल्या. आणि मला डोळ्यानं खूण केली, की उरलेला डबा उचल.

मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. डबा फडताळात होता, अजून निम्मा भरलेला. मी झाकण काढून लाडू भराभर पर्समध्ये घालायला लागले. पहिले दोन गेले. तिसरा हातात असताना मागं विहीणबाई उभ्या होत्या. मी हसले. दुसरं काय करणार? त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग लाडवाकडं, मग पर्सकडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही माया पसरली की मी घाबरले. "लाजू नका," त्या कुजबुजल्या, "अशा दिवसांत खावंसं वाटतंच." माझी मुलगी अकरावीत आहे, हे मी सांगेपर्यंत त्यांनी मला पाटावर बसवलं होतं आणि समोर दोन लाडू ठेवले होते. उष्टं टाकायचं नाही, असं बजावून समोर बसूनही राहिल्या. मी माझा नमुना खाल्ला. गूळ, तूप, डिंक, आणि मग दाताखाली करकर, करकर. पाहुण्यांसमोर घमेलं धरून मी एकेक कोय गोळा केली होती, ती सगळी मेहनत माझ्याच तोंडात होती. पीएच.डी. करणारं माणूस प्रबंध लिहितं. मी चावून राहिले होते.

बाहेर आले तोवर घरमालकांचे, म्हणजे शीतलच्या सासऱ्यांचे, तीन लाडू खाऊन झालेले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मोंढ्यात त्यांची सोयाबीन-कापसाची आडत आहे. बाजारात त्यांच्या शब्दाला वजन आहे, पण एका बाबतीत मात्र त्यांचं स्वतःचंच काही चालत नाही. पोट. शीतलनं आम्हाला हे लग्नानंतर पहिल्याच फेरीत सांगितलं होतं. घरात संडास एक, आणि सकाळी तो तात्यांचा. ते आत गेले की घर थांबतं. मोठ्यानं बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, कुकरच्या शिट्टीनंही त्यांचं लक्ष उडतं. चूर्णं झाली, काढे झाले, नांदेडचे डॉक्टर झाले. तरी रोज सकाळी तोच तो अंत पाहणारा मुकाबला. आणि माझं तर स्पष्ट मत आहे, विहीणबाईंचा तिखट स्वभाव हा त्या सकाळच्या ताटकळण्यातूनच आलेला आहे.

संध्याकाळी चहाबरोबर विहीणबाईंनी स्वतः एक लाडू उचलला. आत्याबाईंचा कप हातात थांबला. विहीणबाईंनी घास चावला, जरा वेळ चावला, आणखी जरा वेळ चावला आणि म्हणाल्या, "करकर लागून राहिलेत जरा." उरलेला लाडू त्यांनी बशीत ठेवला. आत्याबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. सकाळी पहिल्या गाडीनं निघू, असं त्या मला हळूच म्हणाल्या. आणि जावळाचं आमंत्रण आलं तर तू जा, असंही म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. एका डब्याच्या झाकणापायी मी या बाईचं लेकीच्या घरी येणं तोडलं होतं.

सकाळी नेहमीप्रमाणं तात्या पेपर घेऊन आत गेले. घर थांबलं. जावई ब्रश हातात घेऊन पायरीवर बसले, हे भिंतीला टेकून दुसऱ्यांदा झोपले, विहीणबाईंनी कुकरचा गॅस बंद केला. आम्ही दोघी पिशव्या मांडीवर घेऊन निरोपाची वाट बघत होतो. तात्या बाहेर येईपर्यंत निघणं बरं दिसलं नसतं. आणि बसतो न बसतो तोच कडी वाजली. सगळ्यांना वाटलं, चष्मा विसरला. तात्या दारात उभे होते. पेपरची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"झालं," तात्या म्हणाले.

जावई ब्रश घेऊन उठले.

"काय झालं?" विहीणबाईंनी विचारलं.

"झालं म्हणतो ना."

असा चेहरा मी फक्त निकालाच्या दिवशी, पहिल्या आलेल्या पोराच्या बापाचा पाहिला आहे. तात्या अंगणात एक चक्कर मारून आले. मग आणखी एक मारून आले. आपल्याच पोटावरून हात फिरवून पाहिला. सगळ्यांना आवाज करायची परवानगी दिली, आणि मिक्सर लावा, काहीही लावा, असं दोनदा म्हणाले. तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. कालच्या लाडवातला एखादा आहे का, सासऱ्यांसाठी पाहिजे, असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. सेल्युलोज! लिग्निन! पचत नाही म्हणजे काय? आत गेलं ते सगळ्यांना ढकलत ढकलत बाहेर निघतं. मी हे इतकी वर्षं वर्गात फळ्यावर लिहीत होते आणि एकदाही मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

विहीणबाई आत गेल्या आणि लाडू घेऊन बाहेर आल्या. दारात उभं राहून त्यांनी तो लाडू उजेडाकडं धरला. खालून पाहिला. वरून पाहिला. आत्याबाईंनी माझा हात धरला, तो मला दुखेपर्यंत दाबला.

"विहीणबाई," त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "लग्न होऊन आले तवापासून मी ह्या माणसाच्या सकाळी मोजून राहिले. लाडवात काय घातलंत?"

आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. पण आत्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "आमच्या माधुरीचं संशोधन हाय ते," त्या म्हणाल्या. "कालिजात करती ती. लई मोठं काम हाय तिचं, सगळ्यायला कळत न्हाई." मग त्यांनी पदर नीट केला, विहीणबाईंच्या हातातल्या लाडवाकडं पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाल्या, "आमच्यात असेच होतात."

दिवाळसणापासूनचं सगळं त्या एका वाक्यात फिटलं. विहीणबाईंनी मान हलवली, आत्याबाईंना हाताला धरून आत नेलं, आणि त्या दिवशी आम्हाला निघू दिलं नाही. दुपारी पुरण घातलं. तात्यांनी मला साडीचोळी केली. जावळाला आत्याबाईंनीच पुढं होऊन सगळं करायचं, असं ठरलं. आम्ही निघताना विहीणबाईंनी अनारशाचं पीठही बरोबर दिलं, आणि आमच्याकडं जाळी पडती पण तुमच्यासारखी गोडी येत न्हाई, असं म्हणाल्या. जीपमध्ये आत्याबाई सगळ्या प्रवाशांना सांगत होत्या, की सून शास्त्रज्ञ आहे. शास्त्रज्ञाच्या पोटात मात्र जरा गडबड होती, कारण मीही दोन लाडू खाल्ले होते.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मावशीचा डबा घासला आणि मला नवं लेबल लावायला सांगितलं. आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच डब्यावर जे लिहिलंय तेच आत आहे. कॉलेजच्या ग्रुपवर मी निष्कर्ष मागं घेतला. (गुळाची चौकशी करणारे सर अजून नाराज आहेत.) आता दर उन्हाळ्यात घमेलं घेऊन पंगतीत आत्याबाई उभ्या असतात, आणि त्या माझ्यासारख्या भिडस्त नाहीत, चोखून झाली नसली तरी मागून घेतात. जवळा बाजारला लाडू जातात. तात्यांच्या ओळखीनं आणखी कुठं कुठं जातात. घरात कोयीच्या पुडीला तोटा नाही.

फक्त मला मिळत नाही. परवा मी मूठभर मागितली. प्रबंध रखडलाय, सर विचारून राहिले, असं सांगितलं. आत्याबाईंनी डब्यावर हात ठेवला.

"तुहा रिझल्ट कधीचा लागंना बाई," त्या म्हणाल्या. "तिकडं तात्याचा रोज सकाळी लागून राहिला."

सध्या मी खारकेच्या पुडीवर प्रयोग करते. लाडवात आता ती लागत नाही, त्यामुळं घरात तेवढी एकच गोष्ट उरते. गाइड सरांना अजून सांगितलेलं नाही.